पाऊणकीची भरती: तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचं गणित वर्गात कसं घ्यावं

किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आज भरती किती वाजता. घड्याळाकडे न बघता उत्तर येतं. आज चतुर्थी, म्हणजे तीनला. अष्टमी असेल तर सहाला. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पाणी पूर्ण भरतं. मध्यरात्रीनंतर एकदा आणि दुपारनंतर एकदा. त्यात सहा मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी.

अपूर्णांकांचा गुणाकार, घड्याळाचं अंकगणित, सरासरी, आलेख आणि अंदाज तपासण्याची सवय असं सगळं या एका नियमात आहे, तेही मुलांच्या घरात. म्हणून बरेच शिक्षक हा उपक्रम हौसेनं घेतात आणि त्यातले बरेच तो एका तासात संपवून टाकतात. फळ्यावर सूत्र, खाली दहा उदाहरणं, झालं. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं. पंचमीचं उदाहरण एका मुलानं ३.७५ असं काढलं आणि भरती 'तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटांनी' असं लिहिलं. त्याची आजी कालवं, म्हणजे खडकावरचे शिंपले, फोडायला जाणारी. तिला विचारलं असतं तर ती 'पावणेचार' म्हणाली असती. घरी बरोबर असलेलं उत्तर शाळेत येऊन चुकलं, आणि ती चूक मुलाची नव्हती.

खालचा क्रम सहावी-सातवीसाठी आहे. सातव्या टप्प्याचा शेवट आठवीला जास्त मानवतो. नोंदींना साधारण पंधरवडा लागतो, पण वर्गात रोज दहा-पंधरा मिनिटंच.

१. तयारी: पंधरवडा ठरवा, साहित्य जमवा

आधी दिवस निवडा. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या दोन दिवस आधी सुरुवात करा आणि पुढच्या पौर्णिमा-अमावास्येपर्यंत जा. म्हणजे उधाणही सापडतं, आणि अष्टमीच्या आसपासचा भांगही, म्हणजे पाणी सगळ्यात कमी चढतं-उतरतं ते दिवस. पावसाळ्यात नोंदी घेऊ नका. वारा आणि नदीचं पाणी दोन्ही भरतीत ढवळाढवळ करतात, शिवाय जेटीवर मुलांना नेणं धोक्याचं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्याचा उपयोग वेगळ्या कामासाठी करा: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणत बसलेल्या तांडेलांना (होडीच्या म्होरक्यांना) बोलायला वेळ असतो. मुलाखती तेव्हाच उरकून ठेवा.

साहित्य फार नाही. तिथी छापलेली दिनदर्शिका, शक्यतो सगळ्या वर्गासाठी एकच. काटे असलेलं एक मोठं घड्याळ. एक सरळ बांबू, त्यावर दर दहा सेंटीमीटरला ऑइलपेंटची खूण. जवळच्या बंदराचं छापील भरतीपत्रक. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी अशी पत्रकं काढतो आणि बंदर खात्याच्या कार्यालयात किंवा मच्छीमार सोसायटीत ती बघायला मिळू शकतात. हे पत्रक मिळालं की कपाटात ठेवा. सहाव्या टप्प्यापर्यंत मुलांना ते दिसता कामा नये.

> सावधान: या गणितावर विसंबून कुणीही पाण्यात उतरायचं नाही, होडी काढायची नाही. नोंद जेटीवरून किंवा धक्क्यावरून, गावातलं जाणतं माणूस बरोबर असतानाच. खाडीच्या चिखलात मुलांना उतरवू नका, सुकती असली तरी नाही.

२. आधी ऐकून घ्या

हा टप्पा गाळला की पुढचं सगळं पोकळ होतं. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांनी ते घरून आणायचं.

प्रश्न कसा विचारायचा हे शिकवून पाठवा. 'आजी, भरतीचं सूत्र काय?' असं विचारलं तर आजी म्हणेल, मला नाही बाबा असलं काही येत. 'आजी, उद्या कालवांना किती वाजता निघशील?' असं विचारलं तर ती उत्तर देईल. मग दुसरा प्रश्न: 'परवा?' आणि तिसरा: 'तुला कसं कळलं?' हे तीन प्रश्न पुरतात.

उत्तर आहे त्या शब्दांत लिहून आणायचं. भरती, सुकती, उधाण, भांग हे शब्द वहीत तसेच राहू द्या. शुद्ध करायला जाऊ नका. काही घरांत पाऊणकी म्हणतील, काही घरांत 'तिथीतून चवथाई काढून टाकायची' म्हणतील. दोन्ही एकच: ८ मधून २ गेले, ६ उरले. ७ मधून पावणेदोन गेले, सव्वापाच उरले. कुणी सांगेल की अष्टमीला सहा, तिथून दर दिवसाला पाऊण तास पुढे-मागे मोजत जायचं. हे तिन्ही प्रकार वर्गात आले तर फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि ते सारखे का, हे मुलांनाच शोधू द्या. माझ्या अनुभवात या एका प्रश्नावर तास सहज निघून जातो, आणि तो जाऊ द्यावा.

ज्यांच्या घरी समुद्राशी संबंध नाही, त्या मुलांना शेजारी पाठवा. वर्गात मच्छीमारांची मुलं 'जाणती' आणि बाकीची 'ऐकणारी' असं थोडा वेळ झालं तर ते चांगलंच. एरवी बहुतेक वेळा उलटं असतं.

> तपासा: प्रत्येक वहीत निदान दोन तिथींच्या वेळा आणि 'कसं कळलं' याचं एक वाक्य आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

३. पाऊणकी तोंडी, दशांश चिन्हाशिवाय

आता गुणाकार. इथे सगळ्यात मोठी चूक होते: शिक्षक ३/४ चे ०.७५ करतात. गणित म्हणून चूक नाही, पण घड्याळात दशांश नसतात. ०.७५ ने गुणलं की ५.२५, ६.७५ अशी उत्तरं येतात आणि मुलं ती सव्वापाच, पावणेसात अशी न वाचता ५ वाजून २५, ६ वाजून ७५ अशी वाचतात. ५.२५ ची चूक तर लक्षातही येत नाही, कारण ५ वाजून २५ मिनिटं ही खरी वेळ असते.

मराठीला ही अडचण मुळात नाहीच. आपण वेळ अपूर्णांकातच सांगतो. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा: ही १ ते ८ ची पाऊणकी आहे, आणि हीच घड्याळातली वेळही आहे. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. द्वितीयेला दीड, म्हणजे दीड वाजता. रूपांतर करायचंच नाही. पुढे नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा.

वर्गात असं घ्या: एकानं तिथी म्हणायची, दुसऱ्यानं वेळ म्हणायची, तिसऱ्यानं मोठ्या घड्याळाचे काटे फिरवायचे. दोन दिवस हेच. लिहायचं काही नाही. तिसऱ्या दिवशी मग वहीत ७ × ३/४ = २१/४ = ५ पूर्णांक १/४ असं मांडा आणि विचारा, हे सव्वापाच कसं? आता चिन्हं आधीच कळलेल्या गोष्टीसाठी येतात.

उलटं गणितही इथेच घ्या. पाणी सव्वाआठला भरलं, तर तिथी कोणती? ४/३ ने गुणायचं, हे सातवीतली मुलं स्वतः काढतात. उत्तर ११ येतं, आणि लगेच कुणीतरी विचारतं, शुद्ध की वद्य? नियमातून ते कळत नाही. एका उत्तरामागे दोन शक्यता असू शकतात, हे मुलांना सांगून कळत नाही; इथे ते आपोआप दिसतं.

> तपासा: 'दहा मिनिटांत पंधरा तिथी' अशी तोंडी फेरी घ्या. 'पाऊण वाजता' म्हणजे १२:४५ हे प्रत्येकाला सांगता येतंय ना, तेवढं नक्की बघा. शहरात शिकून आलेल्या मुलांना हा शब्द माहीत नसतो.

४. तिथी नेमकी कोणती धरायची

उत्तर चुकण्याचं कारण निम्म्या वेळा गुणाकार नसतो, तिथी असते. चार ठिकाणी मुलं हमखास अडखळतात.

दिनदर्शिकेत तारखेपुढे छापलेली तिथी सूर्योदयाची असते. ती दुपारी संपून पुढची लागलेली असू शकते. नियम ढोबळ आहे, त्यामुळे सूर्योदयाची तिथी धरा, पण पंधराही दिवस तीच पद्धत ठेवा. अर्ध्या वर्गानं सकाळची आणि अर्ध्यानं संध्याकाळची धरली तर नोंदी कुचकामी होतात.

संकष्टी म्हणजे चतुर्थी, असं मुलं पक्कं धरून चालतात. पण संकष्टी चंद्रोदयाच्या वेळी असलेल्या चतुर्थीवर ठरते. त्या दिवशी सकाळी तृतीया असू शकते. सणाचं नाव बघून तिथी लिहू देऊ नका, छापलेला आकडा वाचायला लावा.

वद्य पक्ष पुन्हा १ पासून मोजायचा. वद्य पंचमी म्हणजे ५, २० नाही. पंचांगात अमावास्येपुढे ३० छापलेलं असतं. इथे ती १५ धरायची. (कुणी २० घेऊन गणित केलंच तर ते उत्तर खोडू नका, बाजूला लिहून ठेवा. सातव्या टप्प्यात ते सोन्यासारखं उपयोगी पडतं.)

आणि क्षय-वृद्धी. एखाद्या दिवशी सप्तमीनंतर एकदम नवमी येते, कधी एकच तिथी दोन दिवस असते. नियमाप्रमाणे भरती एकदम दीड तास पुढे उडी मारेल किंवा जागची हलणार नाही. समुद्र असं काही करत नाही. असा दिवस आपल्या पंधरवड्यात येत असेल तर त्याला गोल करून ठेवा.

५. अंदाज आधी, पेनानं

नोंदीला जाण्यापूर्वी पुढच्या चौदा-पंधरा दिवसांचे सगळे अंदाज एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावा. पेनानं, आणि खाडाखोड चालणार नाही असं सांगून. पेन्सिलनं लिहिलेले अंदाज जेटीवरून परत आल्यावर बदलतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. मुलांना उत्तर 'बरोबर' हवं असतं. त्यांना आधीच सांगा: इथे फरक येणारच आहे, आणि आपल्याला तो फरकच हवा आहे.

रकाने पाच: तारीख, तिथी, अंदाज, प्रत्यक्ष, फरक. शेवटचे दोन रिकामे.

६. पाणी मोजणं

पूर्ण भरती नेमकी किती वाजता झाली, हे नुसतं बघून कळत नाही. माथ्यावर आलेलं पाणी बराच वेळ थांबल्यासारखं दिसतं. मुलं तिथे 'आता झाली, नाही आत्ता झाली' करत बसतात आणि पंधरा-वीस मिनिटांची चूक होते. त्यासाठी एक युक्ती आहे.

बांबू जेटीच्या पायरीला किंवा खांबाला घट्ट बांधा. भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोचा. पाणी चढत असताना एका खुणेला टेकलं की वेळ लिहा. मग पाणी वर जाऊन परत उतरू लागेल. उतरताना त्याच खुणेला आलं की पुन्हा वेळ लिहा. दोन्हींच्या बरोबर मध्यावर माथा. समजा दशमी आहे, अंदाज साडेसातचा. चढताना खूण ६:४० ला गाठली, उतरताना ८:०० ला. मधलं अंतर ८० मिनिटं, निम्मं ४०, म्हणजे पूर्ण भरती ७:२० ला. माथ्याखाली वीतभर अंतरावरची खूण घ्या. फार खालची घेतली तर दीड-दोन तास थांबावं लागतं आणि चढ-उताराचा वेगही सारखा राहत नाही.

लाटांमुळे पाणी खूण ओलांडून परत येतं. तीन वेळा ओलांडल्यावरची वेळ धरायची, असा काहीतरी एक नियम वर्गानं आधीच ठरवावा. कुठला, याला फारसं महत्त्व नाही.

रोज सगळ्यांनी जायची गरज नाही. चार-चार मुलांचे गट आणि दिवस वाटून द्या. रात्रीच्या भरतीला कुणीही जायचं नाही. दिवसा भरती सोयीच्या वेळी नसेल, समजा अष्टमी आहे आणि भरती सकाळी-संध्याकाळी सहाला, तर दुपारी बाराची सुकती याच युक्तीनं मोजा. फक्त खूण तळाजवळची आणि क्रम उलटा, आधी उतरताना, मग चढताना. त्यातून सहा तास वजा करा. खरं अंतर सव्वासहा तासांच्या जवळ असतं, हे नोंदीत लिहून ठेवा.

सगळे दिवस झाल्यावर कपाटातलं भरतीपत्रक काढा. आपल्या नोंदी आणि पत्रकातले आकडे जुळतात का बघा. पत्रकातल्या बंदरापासून शाळा खाडीत आत असेल तर भरती आपल्याकडे उशिरा येणार. पाण्याला आत यायला वेळ लागतो.

> सावधान: नोंद चुकलेल्या दिवसाचा रकाना रिकामा ठेवा. पत्रकातला आकडा 'प्रत्यक्ष'च्या रकान्यात घालू नका.

७. फरक वाचा

उपक्रमाचं खरं गणित इथे आहे, आणि बहुतेक जण इथे पोचायच्या आधी थांबतात.

फरक म्हणजे प्रत्यक्ष वजा अंदाज. समुद्र आधी आला तर ऋण, उशिरा आला तर धन. समजा पाच दिवसांचे फरक मिनिटांत −१०, +१५, −२५, +१०, −२० आले. बेरीज −३०, सरासरी −६. चिन्हं सोडून बेरीज केली तर ८०, सरासरी १६. मुलं एक सरासरी काढून थांबतात, दोन्ही काढायला लावा. पहिली सांगते की नियम आपल्या गावाला एका बाजूला किती झुकतो. दुसरी सांगते की एखाद्या दिवशी त्यावर किती विसंबावं.

हा झुकाव गावागणिक वेगळा असतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. वेंगुर्ल्याला पाणी आधी भरतं, डहाणूला नंतर. त्यामुळे दोन तालुक्यांतल्या शाळांनी एकाच पंधरवड्यात नोंदी घेऊन अदलाबदल केली तर फार छान आलेख होतो. 'तुमच्या आजोबांचा नियम चुकीचा' हे वाक्य मात्र वर्गात येऊ देऊ नका. नियम एका जागी, एका कामासाठी घडलेला आहे. होडी ढकलायला आणि कालवांना जायला अर्ध्या तासाचा अंदाज पुरतो.

आता तो २० चा प्रश्न. वद्य पंचमी ५ धरली तर पावणेचार. पौर्णिमेच्या १५ पुढे सलग मोजून २० धरली तर १५, म्हणजे दुपारी तीन. एकच दिवस, दोन उत्तरं, पाऊण तासाचं अंतर. का? मुलांना वेळ द्या. पंधरा तिथींची पाऊणकी सव्वाअकरा होते, बारा होत नाही. दर पंधरवड्याला पाऊण तास कमी पडतो आणि प्रतिपदेला नव्यानं मोजायला लागलो की तो भरून निघतो. म्हणूनच नियमात अमावास्येच्या सव्वाअकरानंतर प्रतिपदेला एकदम पाऊण येतं, दीड तासाची उडी. समुद्रात ही उडी नसते, म्हणून त्या सांध्याच्या आसपासचे फरक बारकाईनं बघा.

मग तिथीला किती मिनिटं धरली तर सांधा नाहीसा होईल? १२ तास म्हणजे ७२० मिनिटं, भागिले १५: ४८ मिनिटं. आता पंचमी ५ × ४८ = २४० मिनिटं, म्हणजे चार वाजता. आणि २० × ४८ = ९६० मिनिटं, म्हणजे १६ तास, दुपारी चारच. दोन्ही वाटा एका जागी पोचल्या. ज्या मुलानं सुरुवातीला 'चुकून' २० घेतले होते, त्याच्याकडून हे फळ्यावर मांडून घ्या.

आठवीला पुढचं सांगता येईल. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी होते. ३६० अंशांना २४ तास, तर १२ अंशांना? पुन्हा ४८ मिनिटं. जुन्या मापात २४ मिनिटांची एक घटिका, म्हणजे तिथीला बरोबर दोन घटिका. तिथीला ४८ नं गुणून घड्याळात मांडण्यापेक्षा पाऊणकी तोंडी सोपी, म्हणून रोजच्या वापराला ती बरी. सोपेपणासाठी तिथीला तीन मिनिटं सोडायची की नाही, यावर मुलांचं मत घ्या. माझं मत पाऊणकीच्या बाजूचं आहे, फक्त प्रतिपदा-द्वितीयेला सांभाळून.

४८ मिनिटंही सरासरीच. आलेख काढला की दिसेल: आडव्या अक्षावर तारीख, उभ्यावर प्रत्यक्ष भरतीची वेळ. रेषा सरळ येणार नाही. उधाणाच्या दिवसांत भरती रोज पाऊण तासापेक्षा कमी सरकते, भांगाच्या दिवसांत तासाहून जास्त. मुलांना वाटतं आपलं मोजमाप चुकलं आणि ती बिंदू ओढून रेषेवर आणतात. तसं करू देऊ नका.

८. परीक्षेत काय विचारायचं

'षष्ठीला भरती किती वाजता?' हा प्रश्न एका गुणाचा. त्यापेक्षा असे विचारा: एका बाईला सकाळी नऊच्या सुमारास सुकती हवी आहे, कोणत्या तिथी चालतील? (तीनला भरती म्हणजे चतुर्थी, शुद्ध आणि वद्य दोन्ही. पहाटे तीन आणि दुपारी तीन यांच्या मधली सुकती घेऊन तपासा.) वहीतले सात फरक दिले आहेत, गावासाठी नियमात काय बदल कराल? ५.२५ म्हणजे किती वाजता, आणि ५ वाजून २५ का नाही?

रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) मासळीचे वाटे किंवा ठिपक्यांची रांगोळी हे याच पद्धतीनं घेता येतात, पण एकाच सत्रात तिन्ही घेऊ नका. एक धड करा.

संपल्यावर भिंतीवरचा कागद टाकू नका. त्यावर वर्ष, पंधरवडा, जेटीवरची नेमकी जागा आणि बांबूची शून्य खूण पायरीच्या कितव्या दगडाशी होती, ते लिहा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तिथेच बांबू बांधायचा आहे.